काचेतलं शेवाळ

"मालन, शेवाळ पिवळं पडून राह्यलं का?" अमीन अनंतरावांनी विचारलं.

"ऊन लागलं होतं, सरकार. पडदा सोडला मी."

बेज्जूरच्या जंगलावरचे निजामाचे अंमलदार असलेले हे अमीन त्या काचेच्या पेटीवर जीव टाकत. हैदराबादेहून आणलेल्या मासोळ्या, आणि त्यांना लपायला शेवाळ. मालन नाल्यातून गुळगुळीत दगड निवडून आणी, शेवाळाचे पुंजके दोऱ्यानं त्यांना बांधी, गाळ उपसून ताजं पाणी घाली. दीड वर्षात पेटीत हिरवं रान माजलं होतं.

तिचं खरं नाव बयना. दोन वर्षांमागं तिचा नवरा नागोराव वेठीच्या गाडीतून हीच पेटी सिरपूरच्या ठेसनावरून आणत होता. वाटेत एक काच तडकली. अमीनांनी त्याला बंगल्यासमोरच्या खांबाला बांधलं. भर वैशाखात, दोन दिवस. पेटीला काच नवी बसली. नागोराव 'पाणी पाणी' करत गेला.

पुढं अमीनांना पेटीसाठी बाई पाहिजे असं कानावर आलं, तेव्हा बयना नाव बदलून आली. मासोळ्यांना पाणी घालताना रोज तिला नागोरावाचं ते 'पाणी पाणी' आठवे. ती वाट पाहत राहिली.

मग कळलं, जंगलखात्याचे बडे अधिकारी नाजिमसाहेब दौऱ्यावर येताहेत. अमीन पेटी त्यांना नजर करणार होते. बढती त्यावरच अडली होती.

त्या सकाळी बयनानं गेळाची फळं ठेचली. मासे मारायला लोक नाल्यात टाकतात, तीच. ती शेवाळाखाली दडपताना तिचा हात क्षणभर अडला. हातानं वाढवलेलं होतं ते.

दुपारी अमीनांनी पेटीवरचा रेशमी रुमाल उचलला. मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या.

नाजिमसाहेबांनी अमीनांना सगळ्या शिपायांसमोर उन्हात उभं करून झाडलं आणि अमीनी काढून घेतली. बयना पडद्याआडून डोळे भरून पाहत होती.

नाजिमसाहेबांची मोटार गेल्यावर अमीनांनी शेवाळ उपसलं. ठेचलेली फळं हाती लागताच ते तिच्यावर धावले. "बोल! कोणी शिकवलं तुला हे?"

बयना नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडणार, तोच अमीनांची बायको पद्मिनीबाई आतून आल्या. आजवर त्या तिच्याशी चार शब्द बोलल्या नव्हत्या.

"तिला हात लावू नका. फळं मी टाकली."

अमीन मटकन खुर्चीत बसले. पद्मिनीबाई बयनाला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन गेल्या.

"बाईसाहेब, माह्यं पाप तुमी काऊन अंगावर घेतलं?"

"त्या दिवशी मी तांब्या घेऊन खांबाकडे निघाले, तर यांनी मला खोलीत कोंडलं. दोन दिवस ऐकत होते मी त्याला." त्यांनी फाटक उघडलं. "पेटीला बाई पाहिजे, हा सांगावा तुझ्या गावी मीच धाडला होता, बयना."