रेसची खुंटी

काकासाहेबांच्या उसाच्या बैलगाडीखाली मच्छिंद्राचा उजवा पाय चिरडला, तेव्हा त्यांनी त्याला लिलावात घेतलेल्या जुन्या पिकअपवर ड्रायव्हर केलं. "बसून खायचं काम दिलंय त्याला," असं ते कोपरगावभर सांगत.

तोडलेल्या उसाच्या सरीतून गाडी माणसाच्या चालीनं न्यायची आणि मजुरांनी चालता चालता मोळ्या वर टाकायच्या. दिवसभर रेसचं पेडल दाबून मच्छिंद्राचा तो अधू पाय ठणकायचा. रेस धरून ठेवणारी एक खुंटी गाडीत होती. ती ओढली की पाय न लावताही गाडी एका चालीनं जायची. पण हल्ली ती धक्क्यासरशी आत सरकायची. त्यानं तार बदलली, स्प्रिंग बदलली, तरी तेच. शेवटी सगळं खोललं, तर खुंटीची पकडच झिजलेली. त्यानं अधू पायातल्या चपलेचं कातडं कापलं आणि पकडीत ठोकून बसवलं.

आता खुंटी जागची हलेना. काकासाहेब बांधावर उभे होते. त्यांना दाखवायला मच्छिंद्र हरखून चालत्या गाडीतून खाली उतरला. रिकाम्या सीटची गाडी सरी धरून आपली चालत राहिली.

"बघा मालक, पाय लावायलाच नको!"

"लई बेस!" काकासाहेब खूष झाले. "मंग आत मानूस तरी कशाला पायजे? वळवायला कुनीबी चढंल."

"पर मालक, मी..."

"तू उतरलाच हायेस," काकासाहेब म्हणाले, "तर ती मोळी उचल."