मंजुळाबाईंच्या दोन खोल्या

आजही मंजुळाबाईंनी वाटी रिकामी परत केली नाही, पण वाटीत तुरीची कच्ची डाळच होती.

"पाटलीणबाई, वाटी घ्या," असं म्हणून त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली आणि त्या मागे सरल्या. हातात दिली नाही. त्या कधीच देत नसत.

जनकाबाईने वाटी उचलली. सकाळी तिने या घरमालकिणीला अंबाडीची भाजी पाठवली होती. ती म्हातारीने खाल्ली, की गाईपुढे टाकली, कोण जाणे. जळगाव जामोदला या दोन खोल्यांत येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मंजुळाबाईंच्या चुलीवरचा एक घास इकडे आला नव्हता. डाळ यायची, गूळ यायचा, कधी भुईमुगाच्या शेंगा. सगळं कच्चं.

नवरा निवृत्ती कचेरीतून आल्या आल्या ती त्याला म्हणाली, "बुढीले संशय आला. शिवून नाही घेत ते."

"संशय असता तर खोल्या दिल्या असत्या काय?"

खोल्या मिळाल्या होत्या एका शब्दावर. निवृत्ती तायडे तहसील कचेरीत कारकून. इथे बदली झाली तेव्हा चार घरांनी नाव-गाव विचारून त्याला वाटेला लावलं. पाचव्या घरी मंजुळाबाईंनी विचारलं, "तायडे म्हंजे पाटलाचे तायडे काय?" दिवसभर उन्हात फिरलेल्या निवृत्तीने खाली बघून "हाव" म्हटलं. छप्पन साली नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, जात मागे टाकून आला होता. डोक्यावर छप्पर हवं म्हणून ती पुन्हा अंगावर घ्यावी लागली, आणि तीही दुसऱ्याची.

तेव्हापासून जनकाबाई या गल्लीत पाटलीणबाई झाली. कुणी त्या नावाने हाक मारली की ती आधी मागे वळून बघे, मग ओ देई.

"नाल्यापलीकडं आपल्या लोकाहिची वस्ती होऊन राह्यली," तिने चहा पुढे ठेवला. "जागा भेटते. चार भिंती आपल्या बांधू."

"धामणगावाकडं होतंच ना आपलं घर? घर आपलं होतं, विहीर आपली नव्हती. इथं घर दुसऱ्याचं हाये, पण विहिरीवर तुले कोणी सरक म्हणते काय?"

"नाही म्हणत. पण बुद्धाची तसबीर पेटीत ठेवली मी. माह्या भावाले इकडं येऊ नको म्हणून सांगतलं. अशा घरात किती दिवस राहाचं?"

"पोटापुरतं तरी राहू दे," निवृत्ती म्हणाला.

चैत्रात मंजुळाबाई तापाने पडल्या. त्यांचे यजमान कापसाच्या जीनमध्ये फिटर होते, ते जाऊन दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. एक भाऊ होता, तो दूर लोणारकडे, बीबीला. गल्लीतली कुणी डोकावली तरी म्हातारी दारातूनच तिला परतवून लावी. जनकाबाई दिवसातून दहा वेळा उंबऱ्याशी जाऊन विचारी आणि परत फिरे.

पाचव्या दिवशी दुपारी आतून कण्हण्याचा आवाज आला. "पाणी..."

जनकाबाई तांब्या घेऊन धावली. उंबऱ्याशी मात्र तिचे पाय थांबले. खाटेवरची म्हातारी वाळून गेली होती. घागर कोपऱ्यात होती, उठवत नव्हतं.

"मावशी, पाणी आणलं. देऊ काय?"

मंजुळाबाईंनी डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरली. मग त्यांनी मोठ्या कष्टाने हात वर केला. "नको, पाटलीणबाई. आत नका येऊ. उगा बाट कशाले?"

खाट चार पावलांवर होती. आत शिरावं, डोकं मांडीवर घ्यावं आणि पाणी पाजावं, असं तिला फार वाटलं. पण जन्मभर सोवळं सांभाळलेल्या बाईला मरताना आपण फसवायचं? तिने तांब्या खाली ठेवला आणि शेजारच्या पुष्पाबाईंना बोलवायला ती रस्त्यावर धावत सुटली.

दोघी परत आल्या तेव्हा मंजुळाबाईंचे ओठ उघडेच राहिले होते.

गल्लीतल्या लोकांनीच सगळं उरकलं. तार मिळून बीबीहून भाऊ आला तो तिसऱ्या दिवशी. वामनराव नाव, साठीचा, धुवट धोतर नेसलेला. निवृत्तीने त्याला ओसरीवर बसायला सांगितलं, तरी तो खाली अंगणातच उभा राहिला.

जनकाबाईला राहवलं नाही. "दादा, मावशी पाणी पाणी करत गेल्या. मी तांब्या घेऊन दारात उभी होती. त्याहिनं नको म्हटलं, अन् मी आत नाही गेली. मले पाप लागलं."

वामनरावने उपरणं डोळ्यांना लावलं.

"पत्रात तुमचंच लिहे ते," तो म्हणाला. "लेकीसारखी हाये म्हणे. जवळ बसून चार घास खाऊ घालावं वाटते म्हणे."

"मंग काऊन नाही घातले?" जनकाबाई रडत म्हणाली.

वामनरावने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तो निवृत्तीपुढे हात जोडून वाकला. आवाज अगदी खाली आला.

"माफी करा, पाटील. भावजीनं हे घर घेतलं तवा जात लपवली होती, ते तिनं मरेपर्यंत लपवली. पण तुमचा धर्म तिनं बुडू नाही देला. तहानेनं गेली, पण तुमच्या तांब्याले शिवली नाही. आम्ही नागपूरले दीक्षा घेतलेले लोक आहो."