राणीसाहेबांचा हत्ती

पाळणाघराच्या ताईंना अनोळखी नंबरावरून मेसेज आला, “मी चिमणीची आई. माझा फोन बंद पडलाय. मामा आलाय, तिला त्याच्याबरोबर पाठवा.”

ताई काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण कालच झालं होतं. आईलाच ठाऊक असेल असं त्यांनी विचारलं, “झोपताना तिला काय लागतं?”

उत्तर लगेच आलं, “पिवळा हत्ती! त्याचा कान चघळल्याशिवाय राणीसाहेबांचा डोळा लागत नाही.”

अगदी बरोबर. फाटकाबाहेर मामा हसत उभा होता. ताईंचा हात कडीकडे गेला आणि तिथेच थबकला.

हे वाक्य त्यांचंच होतं. पाळणाघराच्या पेजवर, चिमणीच्या फोटोखाली, त्यांनीच हौसेने लिहिलेलं. त्याला बदाम देणाऱ्या दोनशे लोकांपैकी निम्म्यांनाही त्या ओळखत नव्हत्या.