सुरणाचं बियाणं

सुरण काढला की रवळू बियाण्याचे गड्डे राखेत घोळवायचा आणि शेजारच्या गुंडाप्पाच्या माळ्यावर कोरड्या वाळूत मांडून ठेवायचा. स्वतःच्या घरात बियाणं लागणीपर्यंत टिकत नसे. पोरं उकडून खात. गुंडाप्पाचं घर जैनाचं. तिथं कंदमुळाला कुणी हात लावत नाही.

त्या साली सरकारी लेव्हीच्या सक्तीच्या धान्यवसुलीत दोन्ही घरांतला जोंधळा गेला. वळीव पडल्यावर रवळू गड्डे न्यायला आला, तर निम्मेच उरले होते.

गुंडाप्पानं मान खाली घातली. "उंदीर लई झाल्यात रं."

कच्चा सुरण खाजतो; चिंच घालून शिजवला की खाज मरते. उंदीर त्याच्या वाटेला जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सोप्यात गुंडाप्पाची म्हातारी आई, धोंडूबाई, जपमाळ ओढत बसली होती. तिच्या कानावर जायला नको म्हणून रवळूनं आवाज बारीक केला.

"आसूं दे, आप्पा. पुढच्या साली उंदरांसाठनं चिंच बी ठेवतो."

सोप्यातली माळ थांबली नाही.

"चिंच हाय रं घरात," धोंडूबाई म्हणाली. "तू गूळ आण."