उरलेला अर्धा

आईच्या गुडघ्यांनी थिएटरच्या पायऱ्यांशी कट्टी केल्यापासून मायलेकी दर रविवारी घरीच टीव्हीवर सिनेमा बघायच्या. त्या रविवारी अर्ध्यातच आईचे डोळे दुखायला लागले.

"उरलेला पुढच्या रविवारी. माझ्याआधी चोरून बघितलास, तर याद राख!"

"नाही गं बाई," लेक हसली.

बुधवारी आईला दवाखान्यात नेलं. शुक्रवारी ती गेली.

"दवाखान्यात मी आईला म्हटलं, सिनेमाचा शेवट सांगून टाकू का?" धाकटा भाऊ नंतर लेकीला म्हणाला. "तर कान झाकून घेतले तिने. म्हणाली, ताईला येऊ दे, आम्ही दोघी मिळून बघणार."

रविवारी लेकीने टीव्ही लावला आणि रिकाम्या खुर्चीशेजारी बसली.


"आई, हा मी आधीच बघितला होता. बसमध्ये, फोनवर."