पहिल्या वापराआधी

"लॅपटॉप उचल गं, पानं घ्यायचीत," सासूबाई म्हणाल्या. माझी मीटिंग चालू होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ओट्याशेजारच्या स्टुलावर बसले.

सकाळीच नवऱ्याला म्हटलं होतं, "तुझ्या कामाच्या खोलीतला एक कोपरा मला दे ना."

"हे लग्नाआधी बोलायचं होतंस. आता सगळ्यांना सवय झालीये," पेपरातून मान वर न करता तो म्हणाला होता.

त्याच खोलीत दार लावून तो आता डेटाबेसचा ऑनलाइन क्लास घेत होता. आवाज थेट ओट्यापर्यंत येत होता. "टेम्पररी टेबलसाठी जास्त मेमरी हवी असेल, तर पहिल्या वापराआधीच मागायची. एकदा वापर सुरू झाला, की त्या कनेक्शनवर वाढवून मिळत नाही."

"सर, आणि नंतर कमी पडली तर?" स्पीकरवरून एका मुलीने विचारलं.

"कनेक्शन तोडायचं, नवं जोडायचं. दुसरा इलाज नाही."

"पण टेबलमधला डेटा जाईल ना?"

"जाणारच. तात्पुरताच असतो तो," तो हसत म्हणाला.

मी मीटिंग संपवली आणि चार्जर गुंडाळला.

"माझं पान घेऊ नका," सासूबाईंना सांगून मी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.