राहिलेलं कुलूप

अंबाजीनं दुपारपर्यंत घरातली सतरा कुलपं उघडली.

सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या तसा त्यानं किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि अंगात आल्यासारखा घरभर सुटला. बाळंतपण अडू नये म्हणून घरात कुलूप लावलेलं ठेवायचं नाही, गाठ मारलेली ठेवायची नाही, ही घराण्याची रीत. कपाट उघडलं, ट्रंका उघडल्या, धान्याची कोठी उघडली. वाळवणाची दोरी सोडली. म्हशीचं दावं सोडलं, ती थेट शेजाऱ्याच्या तुरीत घुसली. हरिओमनं बापाच्या धाकानं बुटाच्या नाड्यासुद्धा सोडल्या आणि त्यातच अडखळून उंबऱ्यावर पडला.

अंबिका ओसरीवर येरझाऱ्या घालत नवऱ्याचा आणि सासऱ्याचा हा तमाशा बघत होती. हसू येत होतं, पण हसलं की कमरेत कळ उठायची.

"बस की गं जरा, पाय दुखतील," हरिओम म्हणाला.

"तू बस," राजूबाई म्हणाली. "तसंबी तुझा काय उपेग हाय?"

राजूबाई अंबाजीची थोरली बहीण. अर्धं ठाणाकुशनूर गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तरी तिनं सकाळीच दवाखान्याच्या आशाताईला फोन लावून विचारून घेतलं होतं. ताई म्हणाली, पहिलटकरीण आहे, वेळ लागणार. चालू द्या, खाऊ द्या, कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की दवाखान्यात आणा. राजूबाईला घड्याळ कळत नव्हतं. कीर्तन कळत होतं.

"कळ आली की गजर, कळ गेली की अभंग," तिनं अंबिकेला सांगितलं. "एक अभंगबी पुरा होईना झाला की निघायचं."

मग तसंच चाललं. कळ आली की अंबिका खांबाला कपाळ टेकायची. राजूबाई गरम पाण्यात पिळलेला फडका तिच्या माकडहाडावर दाबून धरायची आणि दोघी मिळून रामकृष्णहरीचा गजर करायच्या. हळू, मग चढत, मग उतरत. कळही तशीच चढायची, तशीच उतरायची. मग शेवयांच्या खिरीचे दोन घोट, आणि चालत चालत अभंग. सकाळी दोन कळांच्या मधे तीन अभंग सावकाश व्हायचे.

अंबिकेचा गळा माहेरी, करजगीच्या देवळात, बापाच्या मृदंगाजवळ बसून तयार झालेला. मागं झील धरणारे असतात म्हणून पुढचा बुवा तासन्‌तास उभा राहतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आज ते अंगाला कळत होतं.

कीर्तनाचं वेड अंबाजीलाही होतं. म्हणजे पहिल्या रांगेचं. बुवांना हार घालताना फोटोत असायचं आणि सगळ्यांत मोठी टाळी आपली वाजवायची, एवढंच त्याचं कीर्तन.

दुपार कलली तसा तो सुनेपुढं येऊन उभा राहिला. "सगळी कुलपं काढलो. एकबी ठिवलो न्हाई. एक जरी राहिलं तरी अडतंय, म्हून दोनदा बघितलो. तरी कामून होईना?" मग आवाज बारीक केला. "अंबिका, तुझ्याच मनात काई गाठ हाय का बघ. कुणाबद्दल काई."

भाजीत निघालेल्या अळीकडं बघावं तसं अंबिकेनं त्याच्याकडं बघितलं.

तेवढ्यात कळ आली. ती ओसरल्यावर दोघींनी अभंग धरला, तर दुसऱ्याच चरणावर पुन्हा कळ. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच.

"निघायचं," राजूबाई म्हणाली. "अंबाजी, गाडी काढ."

अंगणात पत्र्याखाली पांढरी गाडी उभी होती. घेऊन महिना झालेला. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"ॲम्ब्युलन्सला फोन लावलाय मी," अंबाजी म्हणाला. "दुसऱ्या गावाला गेलीय. तासाभरात येईल."

"तासाभरात? मग ही काय पूजेला ठिवलास?"

"अक्का, नवी गाडी हाय. देवाला दावून आणलाव. तिच्यात इटाळ कसा चालंल? पाणी, रगत... सीटला लागलं म्हंजी?"

हरिओम खाली मान घालून उभा होता. नाड्या अजून सुटलेल्याच.

अंबिकेनं खांब सोडला. "मामा, एक कुलूप राहिलंय."

"कुठलं?" अंबाजीचा चेहरा उजळला. "सांग की! मला कसं दिसलं न्हाई?"

"या, दावते."

ती पायऱ्या उतरली. मधेच कळ आली, ती तिनं तुळशीच्या कट्ट्याला धरून गाऊन काढली. कुंपणापलीकडं शेजारणी जमल्या होत्या. मागून अंबाजी जुडगा सरसावून येत होता. अंबिका पत्र्याखाली गेली आणि गाडीच्या दाराला हात लावून थांबली.

मग कुंपणापलीकडं कुणीतरी फिसकन हसलं.

"काढ की रे," राजूबाई म्हणाली. "एक जरी राहिलं तरी अडतंय न्हवं?"

अंबाजीनं शेजारणींकडं बघितलं, मग खिशात हात घातला. गाडी दोनदा टुकटुकली. हरिओमनं बापाच्या हातातली किल्ली घेतली आणि चालवायला पुढं जाऊन बसला.

तेवढ्यातही अंबाजी धावत जाऊन खताचं रिकामं पोतं घेऊन आला. "खाली हे तरी घाल."

"तुमीच धरा ते," अंबिका म्हणाली आणि प्लास्टिकवर बसली. शेजारी राजूबाई.

पुन्हा कळ आली. दोघींनी गजर उचलला. कुंपणापलीकडच्या बायांनी आपसूक टाळी धरली. अंबाजी दोन्ही हातांत पोतं घेऊन उभा होता. टाळीला त्याचे हात मोकळे नव्हते.